आबा, वही मी अजून टाकलेली नाही

नमस्कार आबा,

तुम्ही खाली नाव 'भुसावळचा आबा' एवढंच टाकलंय म्हणून मीपण आबाच म्हणतो, राग मानू नका. उत्तराला आठ दिवस लागले, एक तर मार्चअखेर होती आणि दुसरं म्हणजे तुमची कॉमेंट वाचून पहिल्या दिवशी डोकंच तापलं होतं, तेव्हाच लिहायला बसलो असतो तर काहीतरी वाकडं बोलून गेलो असतो. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं की अर्ध्या गोष्टी तुम्ही बरोबर बोलून राह्यले. उरलेल्या अर्ध्यावर मात्र भांडणार.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. जळगावच्या माझ्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातली साडेचार हजार पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवली, कोणतं कुठे ठेवलंय, कितीला घेतलं, कितीला गेलं ते बसल्या जागी दिसतं, आणि हे सगळं पंधरा दिवसात झालं, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर आबांचं म्हणणं असं की ते १९७४ पासून आपल्या घरच्या पुस्तकांची सहा रकान्यांची वही ठेवतात आणि ती एकदाही हँग झालेली नाही, मराठी पुस्तकांना बारकोडचा काही उपयोग नाही हे मी लपवलं, पंधरा दिवस ही शुद्ध थाप आहे, आणि शेवटी "काय भो, पुस्तकांचे केळीचे घड करून टाकले तुम्ही, मोजा आणि ट्रकात भरा."

केळीचं आधी संपवू. आपल्या भागात बागेचा हिशेब न ठेवणारा शेतकरी किती वर्षं तग धरतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. माझं घर आणि दुकानाचं भाडं या पुस्तकांवर चालतं, मोजल्याशिवाय जमत नाही.

पंधरा दिवसांची थाप, कबूल. पंधरा दिवसात फक्त खोके उघडून झाले होते. खरं म्हणजे बायको, पुतण्या आणि मी, आख्खा पावसाळा गेला आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे आजही तसेच पडलेत.

बारकोडचं मी लपवलं नव्हतं, एका ओळीत उरकलं होतं, पण तेही चुकलंच. आयएसबीएन, म्हणजे बारकोडमधला पुस्तकाचा ओळख नंबर, आंतरराष्ट्रीय मानक झालं १९७० साली, आणि आपल्या प्रकाशकांच्या अंगवळणी पडायला त्यानंतर बरीच वर्षं गेली, म्हणजे माझ्याकडचा निम्म्याहून जास्त माल नंबराच्या आधीचा. ज्यांच्यावर आहे त्यातही जुना दहा आकडी आणि २००७ पासूनचा तेरा आकडी अशा दोन भानगडी, आणि पुष्कळांना वाटतं की दहा आकड्यांच्या आधी ९७८ लावलं की झालं, पण तसं होत नाही, शेवटचा आकडा हा आधीच्या आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा आकडा असतो आणि दोन्हीची रीत वेगळी आहे, त्यामुळे तो बदलतो. हा नंबर आपल्याकडे दिल्लीच्या राजा राममोहन राय एजन्सीकडून फुकट मिळतो, तरी एकच नंबर दोन वेगळ्या पुस्तकांवर छापलेला मी बघितलाय. आणि सगळं नीट असलं तरी स्कॅन केल्यावर नाव येतं ते रोमन लिपीत, किंवा येतच नाही. माझ्या साडेचार हजारात स्कॅनवर माहिती मिळाली अशी सहाशेसुद्धा नसतील. बाकी सगळी हातानं, एकेक.

हातानं करताना काय होतं ते ऐका, तुम्हाला मजा येईल. एका कीर्तनाच्या पुस्तकावर 'शके १८५१' छापलेलं. पुतण्यानं वर्षाच्या रकान्यात १८५१ टाकलं, मी यादी ग्रुपवर टाकली, दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका अभ्यासकांचा फोन, आवाज थरथरतोय, "अहो ते १८५१ चं अजून आहे ना?" शकात ७८ मिळवा, १९२९ निघालं. बिचारे दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. त्या दिवसापासून शकाला वेगळा रकाना आहे आणि इसवी सन मी स्वतः भरतो. म्हणजे पुस्तक ओळखायला माणसाचा डोळा लागतो हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

दुसरी गंमत याहून छळणारी. एक गिऱ्हाईक ॲलोपॅथीवरचं जुनं पुस्तक मागत होतं, मी टाइप केलं, उत्तर शून्य, नाही म्हणून सांगितलं, तो गेला. संध्याकाळी झाडताना पुस्तक समोरच्या फळीवर! झालं असं की मी कीबोर्डवर आधी 'अ' आणि मग वर चंद्र असा दोन कळांत तो 'अॅ' काढतो, आणि पुतण्याच्या मोबाइलवर 'ॲ' हे एकच अक्षर येतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं. एक रविवार घालवून सगळीकडे एकच ठेवलं. जुन्या फॉन्टमधल्या याद्या ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांनी तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या चालणाऱ्या अक्षरांत, आणल्याशिवाय शोधायच्या नादी लागूच नये. आणि एक्सेलमध्ये आयएसबीएन टाकणार असाल तर तो रकाना आधी टेक्स्ट करा, नाहीतर ९.७८ई+१२ असलं काहीतरी दिसत बसतं.

आता भांडण. आबा, तुमच्या वहीत पुस्तक असतं, प्रत नसते. घरच्या कपाटाला ते चालतं कारण तुमच्याकडे एकाच पुस्तकाच्या पाच प्रती नसतात. माझ्याकडे असतात. श्यामची आईच घ्या. साने गुरुजी गेले १९५० ला, साठ वर्षांनी हक्क संपले, त्यामुळे २०११ पासून कोणीही छापू शकतं आणि छापतंही, तेच पुस्तक पण प्रकाशक वेगळा, पानं वेगळी, किंमत वेगळी. त्यात माझ्याकडे जुन्या आवृत्त्या, एक कव्हर नसलेली, एक कसरीनं खाल्लेली, एक कोणाला तरी शाळेत बक्षीस मिळालेली, आत शिक्का. वहीत 'श्यामची आई, ५ नग' लिहून मला काय कळणार? पन्नासची गेली की तीनशेची? लायब्ररीवाले दाखल क्रमांक देतात तो प्रतीला देतात, पुस्तकाला नाही, तेच मी उचललं. एक तक्ता पुस्तकांचा, दुसरा प्रतींचा, तिसरा विक्रीचा, बस. प्रतीचा नंबर शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं बारीक लिहितो, स्टिकर नाही लावत, डिंकानं पान जातं.

सॉफ्टवेअर कोणतं असं दोघातिघांनी विचारलं होतं. आधी मित्राच्या नादानं कोहा घातलं. न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररीसाठी १९९९ मध्ये बनलेलं, फुकट, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. लायब्ररीसाठी दणकट, पण त्याचा जीव देवघेवीत आहे, माझ्याकडे घेतलेलं पुस्तक परत आलं तर ते भांडण असतं. नुसता घरचा संग्रह मांडायचा तर लायब्ररीथिंग ही वेबसाइट बरी. मी शेवटी लिबर ऑफिसच्या बेसमध्ये, म्हणजे त्यातल्या तक्ते जोडायच्या प्रोग्रॅममध्ये, हे तीन तक्ते स्वतः जोडले. दिसायला भिकार आहे, पण माझे रकाने माझ्या मनासारखे.

त्याचा खरा उपयोग कुठे झाला सांगू? अमळनेरला. फेब्रुवारी २०२४, सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन, १९५२ नंतर गावात पुन्हा आलेलं, मी ४१२ पुस्तकं घेऊन स्टॉल टाकलेला. पहिल्याच दिवशी घोळ. गर्दीत नेट गेलं, आणि मी शिरपूरच्या एका सरांना जी प्रत विकली तीच इकडे जळगावात पुतण्यानं नाशिकच्या माणसाला फोनवर देऊ केली, ४५० रुपये जमापण झाले. पैसे परत केले, बोलणी खाल्ली. तुम्ही म्हणाल बघा, हँग झालं. नाही आबा, चूक माझी होती, खोके गाडीत टाकायच्या आधी प्रतींची जागा 'दुकान' वरून 'अमळनेर' करायची राहिली होती. वहीत तरी हे कसं कळलं असतं, वही तर माझ्याबरोबर अमळनेरला होती!

हो, वही होती. स्टॉलवर वीस पानी वहीत नुसता प्रतीचा नंबर आणि रक्कम लिहायची, रात्री लॅपटॉपवर चढवायची. तिसऱ्या रात्री विकलेली १७३, म्हणजे उरायला पाहिजे २३९, मोजली तर २३८. एक गेली. पण कोणती गेली ते नंबरानिशी कळलं, बालकवींच्या कवितांची एक जुनी प्रत, सत्तर रुपये. कोणी नेली असेल त्यानं निदान वाचावी.

पैशाचं आता. एरंडोलकडच्या एका घरातून ३४० पुस्तकांचा लॉट ८५०० ला उचलला. मी आपला २५ रुपये नग धरून खूश, तीसला कादंबरी दिली तरी पाच सुटले. विक्रीचा तक्ता भरायला लागल्यावर लक्षात आलं की त्यात ९० जुनी गाईडं आणि वाळवीची होती, ती रद्दीत गेली, रद्दीचे आले ते टेम्पोत गेले. मग २५० पुस्तकांवर ८५००, म्हणजे ३४ ला एक पडलं, आणि मी तीसला विकून वर चहा पाजत होतो. अशी किती वर्षं पाजला देव जाणे. यूपीआयवर फक्त '३५० आले' दिसतं, कशाचे आले ते दिसत नाही, ते आपल्यालाच त्याच दिवशी लिहावं लागतं.

जांगडचंही तेच. नवी पुस्तकं थोडी ठेवतो, प्रकाशकाकडून जांगडवर, विकली तर पैसे नाहीतर परत. पूर्वी दर ३१ मार्चला गठ्ठे सोडून बसायचो आणि एका वर्षी सात प्रतींचा हिशेब लागेना, खिशातून भरले. यंदा यादी काढली, पाठवली, वीस मिनिटं. पुस्तकांवर जीएसटी शून्य म्हणून तो एक ताप नाही, काउंटरवरच्या पेन-डायऱ्यांचं मात्र वेगळं ठेवावं लागतं.

'आलं कधी' हा रकाना मी सहज टाकला होता, तोच सगळ्यात लागला. तीन वर्षांहून जास्त पडलेली काढा म्हटलं तर ६०० च्या वर निघाली, त्यात मी मोठ्या प्रेमानं घेतलेली समीक्षेची आख्खी फळी. जीव तुटला पण निम्म्या भावात काढली, एप्रिल-मे मध्ये ४४-४५ डिग्रीत दुकानात कुत्रं फिरकत नाही, तेव्हा फोनवर याद्या पाठवून पाठवून.

तेव्हा आबा, वही मी टाकलेली नाही, लाइट गेली की तीच असते, आणि रविवारी सगळ्याची कॉपी दोन पेनड्राइव्हवर, एक दुकानात, एक घरी.

तुमचं एक मात्र मला खरंच शिकायचंय. सहा रकाने सांगताना तुम्ही शेवटचा 'कोणी वाचलं' असा लिहिलाय. पन्नास वर्षं तो कसा भरता? घरचे सांगतात का तुम्ही विचारता? आणि कोणी अर्धवट सोडलं तर काय लिहिता? जमलं तर त्या वहीच्या एखाद्या पानाचा फोटो टाका, किंवा जळगावला आलात तर घेऊनच या. दुपारी चारनंतर या, आधी शटर अर्धं असतं.