कलम ६४-अ आम्हाला कोणी सांगितलंच नाही

गेल्या महिन्यात कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी माझ्या भाच्याला विचारलं, "रात्री झोप लागते का?" मी मागच्या बाकावर ताईशेजारी बसले होते. ताईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी मनगटात रुतली. चार वर्षांत नशा केल्याची त्याच्यावरची ही तिसरी केस, आणि असं काही त्याला कोर्टात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. त्या दिवसापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. ताईला आणि त्यालाही विचारून आज लिहायला बसले.

पोरगा इथेच इंदूरला रामबागेत वाढला. गणपतीत आरतीला झांजा त्याच्याच हातात असायच्या. बी.कॉम. अर्धवट सोडून मोबाइलच्या दुकानात लागला आणि तिथल्या मित्रांबरोबर स्मॅक, म्हणजे हेरॉइन, सुरू झाली. पोरं तिला नुसतं पावडर म्हणतात. पन्नीवर चिमूटभर ठेवायची, खालून लायटर धरायचा आणि नळीने धूर ओढायचा. घरातली डब्याची पन्नी भराभर संपायची. ताईला वाटायचं, आपणच पोळ्या बांधताना जास्त वापरतो. वर्षभर तिला काही कळलं नाही, आणि कळल्यावर तिने आणखी वर्षभर मलाही सांगितलं नाही. आपल्या मराठी घरांत हेच होतं. मुलीच्या लग्नाचं बघत असताना मुलाचं हे कोणाला सांगायचं?

पहिल्यांदा रेल्वेलाइनजवळ ओढताना पकडला गेला. केस लागली एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या कलम ८/२७ ची. कलम २७ म्हणजे सेवनाचा गुन्हा, हेरॉइन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वकील म्हणाले, "काकू, मामूली आहे. गुन्हा कबूल करू, दंड भरू, संध्याकाळी पोरगा घरी." ताईने एक पाटली मोडली. पोरगा संध्याकाळी घरी आला, आंघोळ केली, वरण-भात जेवला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला. त्या दोन दिवसांत त्याच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहत होतं, जुलाब होत होते, हाडं मोडल्यासारखी दुखत होती. आम्ही त्याला ओआरएस पाजत होतो आणि देवापुढे दिवा लावत होतो. दंडाच्या पावतीने हे थांबणार नव्हतं हे आज लिहिणं सोपं आहे, तेव्हा आम्हालाही वाटलं होतं की पोरगा घाबरला, आता सुधारेल.

दुसऱ्यांदा जामिनाचं जमायला वेळ लागला आणि तो अकरा दिवस आत राहिला. सुटल्यावर त्याने पूर्वीइतकीच पावडर घेतली आणि बाथरूममध्ये निपचित पडला. वाचला तो शेजाऱ्यांच्या गाडीमुळे. डॉक्टरांनी नंतर आम्हाला समजावलं: काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सहन करायची ताकद उतरते, आणि मग जुनाच डोस जीव घेतो. म्हणून तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यांत धोक्याचे. आम्ही त्या दिवसांत सत्यनारायण घालत होतो.

मी वकील नाही. पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पण त्या रात्रीनंतर मी एनडीपीएस कायदा मिळवला आणि पेन्सिल घेऊन वाचला. कायदा १९८५ चा. त्यात १९८९ मध्ये कलम ६४-अ घातलं गेलं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार मागत असेल आणि सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात ते घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. हेरॉइनचं अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. माझ्या भाच्याकडे दोन्ही वेळा त्याच्या कितीतरी खाली होतं. आणि दोषी ठरल्यावरही दार बंद होत नाही. कलम ३९ प्रमाणे न्यायालय त्याच्या संमतीने, बंधपत्र घेऊन त्याला उपचारांसाठी सोडू शकतं, आणि वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल घेऊन हजर राहायला सांगू शकतं.

हे वाचून मी रडले. दोनदा आम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढलो होतो आणि पोलिसांपासून वकिलापर्यंत एकाही माणसाने आम्हाला हे सांगितलं नव्हतं.

अमेरिकेतलं पहिलं ड्रग कोर्ट मायामीला सुरू झालं तेही १९८९ मध्येच. दोन्हीकडे एकाच वर्षी सुरुवात. तिथे आज अशी हजारो कोर्टं आहेत. आपल्याकडे कलम पुस्तकात राहिलं. तिथल्या कोर्टात एकच न्यायाधीश त्याच माणसाला वर्ष-दीड वर्ष पुन्हा पुन्हा समोर बोलावतो. लघवीची तपासणी होते, समुपदेशकाचा अहवाल येतो, नोकरी लागली का, घरी राहतोस का हे विचारलं जातं. नीट चाललं की भर कोर्टात शाबासकी मिळते, टाळाटाळ केली की शिक्षा, आणि पूर्ण केलं तर बऱ्याच ठिकाणी आरोपच मागे घेतले जातात. तिथेही चुका झाल्या. कित्येक कोर्टांनी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिनसारखी हेरॉइनची तलफ शमवणारी औषधं म्हणजे दुसरी नशाच असं धरून ती बंद करायला लावली, आणि एकदा घसरला की सरळ तुरुंगात टाकलं. ती चूक आपण उचलू नये. हेरॉइनसारखी अफूजन्य नशा मेंदूला जी सवय लावते ती सुटायला वर्षं लागतात, मधे घसरणं हा त्या आजाराचाच भाग आहे.

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा एका काकांनी म्हटलं, "अशी सूट दिली तर धाक उरणार नाही." काका, तुमचा मान राखून सांगते, दंडाचा धाक मी जवळून पाहिला आहे. दंड आईने भरला आणि पोराने फक्त सही केली. दर महिन्याला त्याच साहेबांसमोर उभं राहून "या वेळी दोनदा घेतली" असं स्वतःच्या तोंडाने सांगणं हे त्याला तुरुंगापेक्षा जड जातं. तो स्वतः मला म्हणाला, "मावशी, आत होतो तेव्हा कोणाला काही सांगावं लागत नव्हतं."

एक भीती मात्र मलाही आहे. कोर्टाने उपचाराला पाठवलं आणि पाठवलं ते अशा केंद्रात, जिथे बाहेरून कुलूप लावतात आणि पोरांना मारतात, तर काय? आम्ही दुसऱ्या केसनंतर त्याला एका खासगी केंद्रात ठेवलं होतं. महिन्याने परत आला तेव्हा पाठीवर वळ होते. म्हणून कायद्यातला 'मान्यताप्राप्त' हा शब्द नुसता शिक्का राहता कामा नये. कोर्टाने अहवालाचा कागद बघावा तसा पोराचा चेहराही बघावा.

आपण माळव्यातली माणसं. मंदसौर, नीमच, रतलामकडे परवान्याने अफूची शेती होते, नीमचला सरकारी अफू कारखाना आहे, आणि त्या शेतीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. पिकाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारी यंत्रणा आपल्याच प्रांतात उभी आहे. माणसांचा हिशेब ठेवणंही जमायला हवं. २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात अफूजन्य नशेसाठी मदतीची गरज असलेले लोक सुमारे ७७ लाख आहेत. इतक्यांना पुरेल एवढा तुरुंग कुठे आहे?

माझी मागणी मोठी नाही. नवा कायदाही लागत नाही. सेवनाच्या केसमध्ये पहिल्या हजेरीलाच आरोपीला त्याच्या भाषेत विचारा, "उपचार घ्यायचे आहेत का?" विधी सेवा प्राधिकरणाचे वकील तिथे असतात. व्यसनाधीनांना कायदेशीर मदत देण्यासाठी नाल्साने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, २०१५ मध्ये योजनाही आणली. ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांनी वकिलाला स्वतःहून ६४-अ विचारा. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. लाजू नका, आम्ही लाजण्यात दोन वर्षं घालवली.

तिसऱ्या केसला मी प्राधिकरणाच्या एका तरुण वकीलबाईंकडे गेले. त्यांनी एका पानाचा अर्ज लिहिला. भाचा आता रोज सकाळी सरकारी केंद्रात जातो. नर्सताई गोळीचा चुरा करून त्याच्या जिभेखाली ठेवतात आणि ती विरघळेपर्यंत समोरून हलत नाहीत. मधे एकदा घसरला. त्याने ते कोर्टात सांगितलं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, डॉक्टरांना डोस बघायला सांगा म्हणाले, आणि मग तो झोपेचा प्रश्न विचारला.

तो म्हणाला, "चार तास लागते, साहेब."

पुढची तारीख या महिन्याच्या १९ ला आहे. ताईचे गुडघे दुखतात, म्हणून या वेळी मी एकटीच जाणार आहे त्याच्याबरोबर.