कोय, कुत्रा आणि कंपनी

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या खंड्याने हापूसची अख्खी कोय गिळली. एरवी तो कोय चघळून बायकोच्या चपलेशेजारी ठेवायचा. त्या दिवशी मी ती तोंडातून ओढायला गेलो आणि त्याने ती कायमची ताब्यात घेतली.

आमच्या देवगडाकडच्या गावात कुत्र्याला वेगळा डॉक्टर नसतो, गुरांचाच डॉक्टर. तेही म्हशीच्या बाळंतपणाला गेलेले. फोनवरच ओरडले, “मिठाचा पाणी पाजल्यात नाय मां?” मी हातातला पेला पाठीमागे लपवला. व्हिडिओ कॉल नव्हता, तरीही.

ते येईपर्यंत धीर द्यायला मँचेस्टरहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. “मामा, इथे असतास तर घाम बिल बघून फुटला असता.” तिच्या बोक्याचा दवाखाना म्हाताऱ्या डॉक्टरांचा होता. ते निवृत्त झाले, दवाखाना एका गुंतवणूक फंडाने घेतला, पाटी मात्र अजून डॉक्टरांच्याच नावाची. 2013 मध्ये ब्रिटनमध्ये साधारण दहातला एक दवाखाना मोठ्या साखळ्यांचा होता, आता दहातले सहा आहेत. 2016 ते 2023 मध्ये दर 63 टक्के वाढले, तेव्हा तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने चौकशी लावली. भाची हिशेबनीस, त्यामुळे पगार आणि मशिनंही महागली हे तिने प्रामाणिकपणे सांगितलं. चॉकलेटवाल्या मार्सनेही 2017 मध्ये अमेरिकेतली प्राण्यांच्या दवाखान्यांची एक मोठी साखळी 910 कोटी डॉलरना घेतली म्हणे. मार्स म्हणजे फंड नव्हे, एका कुटुंबाचीच कंपनी. पण चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं, हे ऐकल्यापासून मला या व्यवहाराचं फार कौतुक वाटतं.

फंड म्हणजे काय, हे मला मोहोरावर बाग घेणाऱ्या व्यापाऱ्यामुळे लगेच कळलं. दोन-चार वर्षांच्या कराराने घ्यायची, मुळाशी कल्टार हे मोहोर आणणारं औषध ओतून झाडाला दरसाल धरायला लावायचं, मग बाग परत. झाडाचं पुढे काय होईल ते झाडाने बघावं. फंडवाला तर त्याच्याही पुढचा: कर्ज काढून दवाखाने गोळा करतो आणि पाच-सात वर्षांत सगळी मोळी चढ्या भावाने पुढच्याला विकतो. पाटीचं तर आम्हाला नवल नाहीच. पेटीवर देवगड, आत कर्नाटक, हे वाशीच्या बाजारात आम्ही वर्षानुवर्षं बघतोय.

तेवढ्यात डॉक्टर आले. गमबूट गुडघ्यापर्यंत भरलेले, अंगाला नव्या वासराचा वास. “किती वेळ झालो?” पाऊण तास. त्यांनी पोट चाचपलं, घसा बघितला, जरा विचार केला आणि इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी कोय बाहेर आली. माझ्या पायावर. खंड्याने ती पुन्हा उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा डॉक्टरांनी तिच्यावर गमबूट ठेवला.

“किती झाले?” मी भीतभीतच विचारलं. कानात अजून भाचीचं बिल होतं.

“पाचशे. आणि एक पेटी.” खळ्यात रचलेल्या पेट्यांकडे बघत डॉक्टर म्हणाले, “पण वरचो थर नको. खालचो दाखवा.”

मी बायकोकडे बघितलं. ती चप्पल शोधायला लागली.