खेळ गमतीचा म्हणून बंदूक कशीही चालत नाही

ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, धाटणीतल्या हलक्याफुलक्या व्हीआर शूटर खेळांविषयी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायच्या नेमबाजीच्या खेळांविषयी, खेळाडू जे लिहितात, ते मी आवडीने वाचत आले आहे. त्यातला बराचसा वाद चित्रशैलीपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. मोठाले डोळे आणि गुलाबी केस दिसताच नाक मुरडणारे एका बाजूला, तर त्याच डोळ्यांवर भाळून खेळाचे शंभर अपराध पोटात घालणारे दुसऱ्या बाजूला. बंदूक हातात नीट बसते का, नेम धरताना समोरच्याचे बोलणे कळते का, अर्ध्या तासाने मान आणि डोळे काय म्हणतात, याचा पत्ता दोघांच्याही लिखाणात क्वचितच लागतो. या वादात एक समज मात्र दोन्ही पक्षांनी मुकाट्याने मान्य केलेला दिसतो, तो असा की खेळ गमतीचा आहे, तेव्हा त्याची यंत्रणा थोडी ढिली असली तरी चालून जाईल. मला तो साफ अमान्य आहे. गंमत साधायची असेल तर हात, नजर आणि आवाज यांची जुळणी गंभीर युद्धखेळापेक्षाही काटेकोर असावी लागते. गंभीर खेळात गोळी चुकली तर निदान ताण तरी वाढतो. गमतीच्या खेळात ती यंत्रणेच्या दोषामुळे चुकली तर नुसता वैताग येतो आणि मघाचे हसू ओसरून जाते.

या प्रकाराचे मूळ आर्केडमधल्या, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या, बंदुकीच्या खेळांत आहे. नामकोच्या १९९५ सालच्या ‘टाइम क्रायसिस’मध्ये पायाखालचे पेडल सोडले की पात्र आडोशाला जाई आणि त्याच वेळी बंदूकही भरली जाई. २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी वाइव्ह हे हेडसेट बाजारात आले, तेव्हा या पेडलची जागा खेळाडूच्या गुडघ्यांनी घेतली, म्हणजे आडोशाला जायला खरोखरच वाकावे लागू लागले. ‘स्पेस पायरेट ट्रेनर’ त्याच वर्षी अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला आणि दोन्ही हातांत पिस्तुले, समोरून शत्रूंची लाटेमागून लाट, हा साचा चांगलाच रुळला. ॲनिमे धाटणीचे अनेक शूटर याच साच्यावर आपला रंग चढवतात. म्हणून त्यांच्याविषयी मत देताना पहिला प्रश्न साच्याचा असायला हवा, रंगाचा त्यानंतर.

साच्यातली सर्वांत नाजूक जागा म्हणजे बंदुकीचा मुठीशी असलेला कोन. निरनिराळ्या हेडसेटचे कंट्रोलर, म्हणजे हातात धरायची बटणांची साधने, निरनिराळ्या तऱ्हेने धरले जातात. वाइव्हचा मूळ कंट्रोलर एखाद्या दांड्यासारखा होता, तर ऑक्युलसचा टच कंट्रोलर पिस्तुलाच्या मुठीच्या अधिक जवळ जातो. एका कंट्रोलरवर बेतलेला कोन दुसऱ्यावर जसाच्या तसा वापरला की मनगट सरळ ठेवूनही नळी भलतीकडेच रोखलेली राहते. खेळाडू नकळत मनगट वाकवून नेम दुरुस्त करू लागतो, थोड्या वेळाने मनगट दुखू लागते, आणि मग प्रतिक्रियेत एवढेच उमटते की “नेमबाजीत मजा नाही”. तक्रार शंभर टक्के खरी असते, पण कारण लिहिलेले नसल्यामुळे ती ना खेळ बनवणाऱ्यांच्या उपयोगाची, ना घेऊ पाहणाऱ्यांच्या. कोन बदलण्याची एक साधी सेटिंग दिली तर यातला बराच प्रश्न सुटतो, आणि ज्या खेळात ती नसते त्याला मी तरी गुण देताना हात आखडताच घेते.

“शस्त्रांना वजन नाही” ही दुसरी नेहमीची तक्रार. पाण्याच्या पिचकाऱ्या, रंग उडवणाऱ्या तोफा, बुडबुडे सोडणारी यंत्रे असा सगळा मामला असतो आणि शत्रू मरत नाहीत, तर गरगर फिरून धुराच्या लोटात नाहीसे होतात. यावर काहींचे म्हणणे असे की मारल्यासारखे वाटतच नाही. मला इथे नेमके उलट वाटते. हातातला कंट्रोलर हलकाच असतो, त्याचे वजन कोणताही खेळ वाढवू शकत नाही. त्यामुळे पडद्यावर अवजड मशीनगन दिसू लागली की डोळा एक सांगतो आणि हात दुसरेच सांगतो. पिचकारी मुळातच हलकी असते, तेव्हा तिथे डोळा आणि हात यांचे एकमत होते. खेळण्यातली बंदूक ही व्हीआरमधली सर्वांत प्रामाणिक बंदूक आहे, असे म्हटले तरी चालेल. अर्थात तिला आवाज, ट्रिगरचा प्रतिसाद आणि कंट्रोलरची थरथर यांची जोड हवी. पिचकारी रिकामी होत आल्यावर आवाज बदलला पाहिजे, म्हणजे कोपऱ्यातला आकडा न पाहता हाताला कळते की आता भरायला हवी. इतके केले तरी वजनाची तक्रार निम्म्याने कमी होईल, असा माझा अंदाज आहे.

विनोद आणि बंदुकीची काटेकोर यंत्रणा एकत्र नांदू शकतात, याचा दाखला ॲनिमेबाहेरच्या ‘हॉट डॉग्स, हॉर्सशूज अँड हँड ग्रेनेड्स’मध्ये सापडतो. २०१६ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आलेल्या या खेळात बंदुकांचा प्रत्येक खटका आणि प्रत्येक मॅगझिन हाताने हाताळावे लागते, आणि समोरचे शत्रू मात्र चालतेबोलते सॉसेज असतात. ॲनिमे शूटरमध्ये इतका तपशील असावा असा माझा आग्रह मुळीच नाही. नळी खाली झुकवली की बंदूक भरली, एवढी सोपी क्रियाही मला पुरते. फक्त ती दर वेळी हमखास झाली पाहिजे. पाचातून एकदा दगा देणारी सोपी क्रिया ही कठीण क्रियेपेक्षा जास्त चीड आणते.

आता चित्रशैलीकडे येते, कारण तिच्याविषयी बोलण्यासारखे खूप आहे, फक्त आवडनिवडीच्या पलीकडचे. हाताने काढलेल्या ॲनिमेतला चेहरा हा कोनानुसार केलेला बनाव असतो. बाजूने दिसणाऱ्या पात्राचे तोंड पुष्कळदा गालावर काढलेले असते, नाक समोरून जवळपास नाहीसे होते, आणि तरीही चित्र शोभून दिसते, कारण ते एकाच कोनातून पाहण्यासाठी काढलेले असते. आर्क सिस्टम वर्क्सच्या २०१४ सालच्या ‘गिल्टी गियर झर्ड’ या सपाट पडद्यावरच्या मारामारीच्या खेळाने त्रिमितीय पात्रे हाताने काढल्यासारखी दाखवली, तेव्हा कलाकारांनी कॅमेऱ्याच्या कोनाप्रमाणे चेहऱ्याची ठेवण आणि त्यावरची सावली हाताने बदलत नेली होती. कॅमेरा कुठे असणार हे त्यांना आधीच ठाऊक होते. व्हीआरमध्ये कॅमेरा म्हणजे खेळाडूचे डोके, आणि तेही दोन डोळ्यांचे, दोन किंचित निराळ्या कोनांतून पाहणारे. तिथे हा बनाव टिकत नाही. खेळाडू मान तिरकी करतो, पात्राच्या अगदी जवळ जातो, खालून हनुवटीकडे पाहतो, आणि ट्रेलरमध्ये गोड दिसलेला चेहरा प्लास्टिकच्या बाहुलीसारखा भासू लागतो. “प्रत्यक्षात पात्रे विचित्र दिसतात” अशी मते वाचली की मला त्यांत शैलीविषयीचा राग दिसत नाही. एका खऱ्या तांत्रिक अडचणीचे ते अचूक वर्णन असते. तीच गोष्ट काळ्या बाह्यरेषांची. जवळून त्या छान दिसतात, पण लांबच्या शत्रूभोवतीची रेषा हेडसेटमध्ये एखाद्या पिक्सेलइतकी बारीक होते आणि डोके जरासे हलले तरी लुकलुकते. ज्या शत्रूवर नेम धरायचा त्याचीच कड लुकलुकत असेल, तर डोळे शिणणारच. अंतरानुसार रेषेची जाडी आणि गडदपणा बदलणारे खेळ या बाबतीत पुष्कळ सुसह्य असतात.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आणि मतांमध्ये सर्वांत कमी येणारा मुद्दा सबटायटल्सचा आहे. या खेळांत संवाद बहुधा जपानी असतात आणि गंमत बरीचशी त्या संवादांतच असते. सपाट पडद्यावर सबटायटल्स खाली लिहिली की काम भागते. व्हीआरमध्ये मात्र “खाली” म्हणजे नक्की कुठे? मजकूर डोक्याबरोबर फिरता ठेवला तर तो सतत डोळ्यांपुढे तरंगतो आणि नेम धरायच्या वेळी नेमका आडवा येतो. शिवाय तो दीड-दोन मीटरवर आहे असे भासवलेले असते आणि शत्रू दहा मीटरवर; त्यामुळे वाचायचे झाले की दोन्ही डोळे आत वळवायचे, नेम धरायचा झाला की पुन्हा बाहेर, अशी डोळ्यांची कवायत चालू राहते. समोरची भिंत मजकुरापेक्षा जवळ असेल आणि तरीही मजकूर भिंतीआड न जाता तिच्यावरून दिसत असेल, तर मेंदूला त्याचा उलगडाच होत नाही. दुसरा मार्ग म्हणजे बोलणाऱ्याच्या शेजारी, चित्रकथेत असतो तसा संवादाचा फुगा. ॲनिमेच्या शैलीला तो शोभतोही, पण पाठ फिरली की संवाद हुकतो. बोलणारी व्यक्ती कोणत्या बाजूला आहे हे दाखवणारा छोटा बाण आणि मजकुराचा आकार, उंची व अंतर बदलण्याची सोय, एवढे असले की मला पुरे होते. साहजिकच, जपानी समजणाऱ्यांना हेच खेळ खुसखुशीत वाटतात आणि न समजणाऱ्यांना नुसता कलकलाट वाटतो. दोन्ही मते खरी असतात, मात्र मत देणाऱ्याने आपण कोणत्या गटात आहोत हे सांगायला हवे.

विनोदाच्या वेळेचा प्रश्नही याला लागूनच आहे. सपाट पडद्यावर दिग्दर्शक ठरवतो की आता सगळ्यांनी इथे पाहायचे. हेडसेट घातलेला खेळाडू त्याच क्षणी खाली वाकून बंदूक भरत असेल, तर पात्राचे धडपडणे वाया जाते. चांगले खेळ यासाठी थांबायला शिकलेले असतात: आधी त्या बाजूने आवाज देतात, खेळाडूची नजर वळेपर्यंत पात्राला ताटकळत ठेवतात आणि मगच त्याला पाडतात. “विनोद फसले आहेत” असे लिहिणाऱ्या कित्येकांनी ते विनोद पाहिलेलेच नसतात, अशी मला दाट शंका आहे. त्यात दोष त्यांचा नाही.

खेळ छोटा असल्याच्या तक्रारीविषयी थोडक्यात. स्टीम या संगणकी खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करता येतो, त्यामुळे “दोन तासांत संपला” हे वाक्य तिथे जवळजवळ शिवीसारखे वापरले जाते. आर्केडच्या वंशातला खेळ मात्र गुणसंख्या वाढवण्यासाठी पुन्हा पुन्हा खेळायचा असतो. त्याची लांबी एका फेरीने मोजण्यात अर्थ नाही. पुन्हा खेळावासा वाटावा असे त्यात काही नसेल, दर फेरीत तेच शत्रू त्याच जागेवरून येत असतील, तर मात्र तक्रार रास्त आहे आणि ती तशीच मांडली पाहिजे. शिवाय स्टीमवर शिफारस करायची की नाही, एवढाच कौल देता येतो. छोट्या खेळाला मोजकीच मते मिळतात, आणि त्यांतली काही एका ओळीच्या थट्टेची निघाली तरी एकूण मतांवरून खेळावर बसणारा बऱ्यावाईटाचा शिक्का बदलू शकतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. या प्रकारातले काही खेळ हलकेफुलकेपणाच्या नावाखाली शाळकरी दिसणाऱ्या मुलींकडे चोरून पाहण्याचा मसाला विकतात. त्यांना विरोध करणाऱ्यांना “गंमत कळत नाही” म्हणून गप्प केले जाते, ते मला पटत नाही. पडद्यावर जे किळसवाणे असते ते व्हीआरमध्ये हाताच्या अंतरावर येते आणि अधिकच किळसवाणे होते. अशा खेळाची नेमबाजी कितीही चोख असली तरी मी त्याची शिफारस करणार नाही. मात्र त्या मोजक्या खेळांवरून साऱ्या शैलीला झोडपणेही मला मान्य नाही.

राहता राहिला उंचीचा प्रश्न. बसून खेळणाऱ्याची उंची खेळाने जुळवून घेतली नाही, तर संवाद चालू असताना त्याला पात्रांच्या कमरेकडे पाहत बसावे लागते आणि आडोशाआडून डोकावताच येत नाही. डावखुऱ्यांची कथा याहून वेगळी नाही. कमरेवरचे म्यान उजवीकडेच ठेवलेले असते आणि ते हलवायची सोय कुठेच सापडत नाही. बंदुकीचा कोन, सबटायटल्सची जागा, बसण्याची उंची, डावा हात, या सगळ्या गोष्टी खेळ बाजारात आल्यानंतरही एखाद्या अपडेटमध्ये दुरुस्त होऊ शकतात, आणि छोटे स्टुडिओ अशा दुरुस्त्या करतातही. गुलाबी केस काही कोणी बदलणार नाही. तेव्हा ज्यांना ते आवडत नाहीत त्यांनी खुशाल दुसरा खेळ घ्यावा, आणि ज्यांनी हा घेतला आहे त्यांनी हेडसेट कोणता, बसून खेळलात की उभे राहून, मनगट दुखले का, संवाद वाचता आले का, एवढे तरी मतासोबत लिहावे.