जनबहालातले मच्छिंद्रनाथ: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

काठमांडूच्या जुन्या पेठांवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. ‘मच्छिंद्रनाथांना अवलोकितेश्वर म्हणणाऱ्या लेखकाला नाथपंथ आणि बौद्ध धर्म यांतला फरक ठाऊक नाही, गल्ल्यांत हिंडून धर्म कळत नाही, त्यासाठी आधी वाचावे लागते,’ असे आपण लिहिले आहे. (अवलोकितेश्वर म्हणजे बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व.) यातल्या पहिल्या भागाला उत्तर देता येते. दुसऱ्या भागात आपण माझी शिकवणी घेत आहात आणि ती मी मागितलेली नव्हती.

ज्या घरात दर श्रावणात नवनाथांच्या पोथीचे पारायण होत असे, त्या घरात मी वाढलो. मत्स्येंद्रनाथांपासून गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वरांपर्यंतची परंपरा मला शाळेच्या आधी आजीने सांगितली होती. मच्छिंद्रनाथ कोण, हे मला समजावण्याची तसदी आपण घेतली नसती तरी चालले असते.

आता मूळ मुद्दा. काठमांडूतल्या असन आणि इंद्रचोक या बाजारपेठांच्या दरम्यान दुकानांच्या रांगेत एक दार लागते. त्यातून आत गेले की जनबहालाचे अंगण येते. हे अंगण विहाराचे असून त्यात चैत्य आहेत, मधल्या मंदिरातली पांढऱ्या मुखाची मूर्ती पद्मपाणी अवलोकितेश्वराची आहे आणि त्याच मंदिरावर अवलोकितेश्वराच्या १०८ रूपांची चित्रे आहेत. पुजारी नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या मूळ समाजातले, बौद्ध आहेत. तरीही सारे शहर या मूर्तीला सेतो (पांढरा) मच्छिंद्रनाथ म्हणते, हिंदू आणि बौद्ध दोघेही तिच्या दर्शनाला येतात आणि चैत्रात तिचा रथ निघतो. काठमांडूशेजारच्या पाटण शहरातल्या रातो (तांबड्या) मच्छिंद्रनाथाचेही तसेच आहे. तो वर्षातले काही महिने पाटणला आणि काही महिने जवळच्या बुंगमती गावी असतो, त्याची पूजाही बौद्ध पुजारीच करतात, आणि आख्यायिका मात्र थेट नाथांची: गोरखनाथ नागांना दाबून बसले म्हणून पाऊस थांबला, त्यांचे गुरू मच्छिंद्रनाथ यांना आणल्यावर गोरखनाथांना वंदनासाठी उठावे लागले, नाग सुटले आणि पाऊस आला. म्हणून मी ‘नाथही आणि अवलोकितेश्वरही’ असे लिहिले. हा घोळ असेलच, तर तो त्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या सुखाने सांभाळलेला आहे. दोहोंपैकी एकच खरे, हा आपला आग्रह तिथे लागू करायचा झाला, तर रथ ओढणाऱ्यांपैकी निम्म्यांना घरी पाठवावे लागेल. (ते काम आपणच करावे.)

लेखातल्या छायाचित्राखाली नुसते ‘मच्छिंद्रनाथ’ न लिहिता दोन्ही नावे दिली असती तर बरे झाले असते, एवढे मला मान्य आहे.

बाकी हरकतींत फारसे काही नाही. काष्ठमंडप हा काठमांडूतला लाकडी मंडप २०१५च्या भूकंपात कोसळला आणि पुन्हा बांधला गेला, म्हणून त्याला ‘जुना’ म्हणू नये, असे आपले म्हणणे. त्यातली गोरखनाथांची मूर्ती आपल्या नजरेतून निसटली, याचे मात्र नवल वाटते. मंदिरांच्या वेळा आणि तिकिटांचे दर दिले नाहीत, हीही आपली हरकत; पण ते देणे हा माझ्या लेखाचा हेतू नव्हता.

आपण जनबहालात गेला आहात की नाही, हे प्रतिक्रियेवरून कळत नाही. गेला असाल, तर त्या १०८ चित्रांविषयी लिहा, मी आनंदाने वाचेन. माझ्या वाचनाविषयी पुन्हा लिहिणार असाल, तर उत्तराची अपेक्षा ठेवू नये.