पाणी कुठनं जाणार?

सकाळी शाळेतल्या एका मित्राने ग्रुपवर मेसेज टाकला. "नव्या महामार्गाची पर्यावरण सुनावणी लागली. आता निघतील सगळे झोळीवाले." झोळीवाले म्हणजे खांद्याला झोळी अडकवून विरोधाला येणारे कार्यकर्ते. खाली हसणाऱ्या सहा बाहुल्या. माणूस चांगला आहे, रात्री दोनला फोन केला तरी गाडी काढून येईल. म्हणून तिथे काही बोललो नाही, इथे बोलतो. तसाही तो फेसबुकवर नसतो.

त्या मेसेजमुळे नोटीस शोधून काढली आणि तिच्यासोबतचा पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश वाचायला घेतला. पहिली दहा मिनिटं करमणूक झाली, खोटं कशाला बोलू. भरावासाठी माती-मुरूम ज्या जागेतून उचलतात तिला इंग्रजीत 'बॉरो पिट' म्हणतात. आमच्या सारांशात त्याचा झाला 'उसना खड्डा'. रस्त्यासाठी लागणारा जमिनीचा पट्टा म्हणजे 'राइट ऑफ वे', तो झाला 'मार्गाचा उजवा'. बायकोला वाचून दाखवलं, तीही हसली.

मग नववं पान आलं. "प्रस्तावित मार्गावर बारमाही जलस्रोत आढळले नाहीत. हंगामी नाले पाहणीच्या वेळी कोरडे होते." पाहणी कधी? डिसेंबर ते फेब्रुवारी.

तिथून डोकं सरकलं ते अजून जाग्यावर नाही.

अरे, फेब्रुवारीत ओढा कोरडा असणार नाही तर काय! जानेवारीत येऊन आंब्याला कैऱ्या नाहीत असं लिहिण्यासारखं आहे हे. आणि यात कुणी नियम मोडलेला नाही, राग त्याचाच येतो. पावसाळा सोडून एका ऋतूची मोजमापं घ्यायची आणि त्यावर अहवाल उभा करायचा, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे. हवेतल्या धुळीसाठी ते ठीक असेल. पण पाण्याचा प्रश्न पाणी नसताना तपासायचा?

माझ्या आत्याची गोष्ट तुमच्यातल्या काहींना तोंडपाठ असेल. तरी सांगतो.

बारा वर्षांपूर्वी गावाजवळून दुसरा एक रस्ता जायचा होता. त्याचीही सुनावणी झाली होती. मांडव, खुर्च्या, व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब, कोपऱ्यात व्हिडिओवाला. सल्लागार कंपनीच्या पोराने पडद्यावर रंगीत पट्ट्या दाखवल्या. पुढारी बोलले, मोबदल्याचं बोलणारे बोलले, कुणीतरी उगाच घोषणा दिल्या. मग आत्या उठली. चौथी शिकलेली बाई, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "साहेब, तुमचा भराव आमच्या ओढ्याला आडवा येतोय. पाणी कुठनं जाणार?"

पोरगा म्हणाला, "आजी, डिझाइनमध्ये सगळं घेतलंय."

"मग त्यात आमचा ओढा दाखव."

त्याने पडदा मागे-पुढे केला. निळी रेघ सापडली, पण ती आत्याच्या बांधापासून बरीच लांब, पार दुसऱ्या गटात. आत्या म्हणाली, "हा ओढा माझ्या सासऱ्याच्या काळातला असंल." लोक हसले. साहेबही हसले, म्हणाले, "नोंद घ्या."

नोंद घेतली. पुढे इतिवृत्त हातात आलं तेव्हा मी स्वतः वाचलं. "स्थानिकांनी पाण्याच्या निचऱ्याबाबत शंका उपस्थित केली. प्रकल्प प्रवर्तकांनी योग्य ती दक्षता घेण्याचे आश्वासन दिले." बस. आत्या त्यात 'स्थानिक' झाली, तिचा प्रश्न 'शंका' झाला आणि ओढा गेलाच.

रस्ता झाला. पाणी खालून जायला मोऱ्या घातल्या, नकाशातल्या निळ्या रेघेवर. पाण्याला नकाशा वाचता येत नाही, ते आपल्या वाटेने आलं आणि भरावाला टेकून बसलं. आत्याच्या तीन एकरातला निम्मा तुकडा आता चिबड आहे, म्हणजे कायम पाणी धरून बसलेला. दिवाळी उलटली तरी वाफसा येत नाही. मोबदला मिळाला तो रस्त्याने खाल्लेल्या जमिनीचा. रस्त्याने बुडवलेल्या जमिनीला कागदावर रकानाच नाही.

आता झोळीवाल्यांबद्दल. पर्यावरण मंजुरीआधीची ही सुनावणी कुठल्या झोळीवाल्याने आणलेली नाही. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 14 सप्टेंबर 2006 ला अधिसूचना निघाली, तिच्यात ती आहे. सुनावणीआधी किमान 30 दिवस नोटीस द्यायची. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत वगैरे ठेवायचा. सारांश स्थानिक भाषेत द्यायचा. सुनावणीचं चित्रीकरण करायचं, आणि शेवटी काय काय नोंदवलं ते लोकांना त्यांच्या भाषेत तिथेच वाचून दाखवायचं. हे शेवटचं लक्षात ठेवा. आत्याच्या वेळी वाचन सुरू झालं तेव्हा मांडव निम्मा रिकामा होता आणि उरलेले एसटीच्या वेळेकडे बघत होते. मीसुद्धा. मी तेव्हा उठून "थांबा, ओढा लिहा" म्हणालो असतो तर? नाही म्हणालो. शेवटची गाडी चुकेल म्हणून.

असो.

त्याच अधिसूचनेत असंही आहे की सुनावणीला गणपूर्ती लागत नाही. चार डोकी आली तरी ती सुरू होते आणि झाली असं धरतात. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, सोसायटीच्या वार्षिक सभेला लागते, तिथे दिवाबत्तीवरून भांडणं होतात. इथे शेकडो हेक्टरांचा प्रश्न, आणि इथे लागत नाही.

2020 साली नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, त्यात हे 30 दिवस 20 वर आणायचे होते. मसुदा होता इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाला 30 जून 2020 रोजी सांगावं लागलं की बाबांनो, घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत भाषांतर करा. ज्यांच्या शेतातून रस्त्याची रेघ जाणार त्यांच्या भाषेत कागद द्या, हे सांगायला न्यायालय लागतं! आणि भाषेत दिला की काय देतात, तर 'मार्गाचा उजवा'.

पण भाषांतर ही किरकोळ गोष्ट आहे. माझं मुख्य दुखणं वेगळंच आहे. सुनावणी होते तोवर रेघ ओढून झालेली असते.

अहवालात पर्यायी मार्गांचा तौलनिक अभ्यास असतो. मी आजवर जे दोन-चार वाचले त्यात एक पर्याय दाट जंगलातून, एक थेट गावठाणातून, आणि तिसरा आधीच ठरलेला. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात लग्नाची तारीख छापून आणल्यासारखं. पुढे सगळी चर्चा झाडं किती लावणार आणि ध्वनिरोधक भिंती कुठे घालणार याची. रेघ हलेल का, हे विचारायची जागा नाही. विचारलं तर 'विकासविरोधी'. वर अहवाल करणाऱ्या सल्लागाराला नेमतो कोण, पैसे कोण देतो? ज्याला रस्ता करायचाय तोच. सासूनेच सुनेची साक्ष घ्यायची आणि निकालही तिनेच लिहायचा.

चेन्नई-सेलम आठपदरी रस्त्याचं आठवतंय का? सुमारे 277 किलोमीटरचा. शेतकरी कोर्टात गेले, मद्रास उच्च न्यायालयाने 2019 च्या एप्रिलमध्ये भूसंपादनाची प्रक्रिया रद्द ठरवली. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी हवीच, पण जमीन घेण्याच्या इराद्याची अधिसूचना काढायला ती आधी असण्याची गरज नाही. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल, मी वकील नाही. पण गावात त्या अधिसूचनेचा अर्थ काय होतो ते मला माहीत आहे. गट नंबर पेपरात छापून आले की बँकेचा माणूस कर्जाचा विषय टाळतो, विहीर खोल करायची राहते, पोरीचं लग्न 'बघू मोबदल्याचं काय होतंय' म्हणून पुढे जातं. मंजुरी यायची तेव्हा येते, माणसं आधीच मनाने उठलेली असतात. मग सुनावणीत शेतकरी काय ओढ्याचं बोलणार? दराचंच बोलणार. आणि आपण शहरात बसून म्हणणार, बघा, यांना फक्त पैसे हवेत.

हो, रस्ते लागतात. वडिलांना झटका आला तेव्हा ज्या रस्त्याला मी शिव्या घालतोय त्याच रस्त्यावरून चाळीस मिनिटांत दवाखाना गाठला, जुन्या रस्त्याने दीड तास लागला असता. हे मी नाकारत नाही. पण ओढ्याच्या जागी मोरी घातली असती तर ती रुग्णवाहिका हळू पळाली असती का?

तेच तर. नीट विचारलं, नीट ऐकलं, की रस्ताही होतो. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंचजवळून जा कधीतरी. कान्हा आणि पेंच यांच्यामधला वाघांचा जाण्या-येण्याचा पट्टा तो. तिथे रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे, महाराष्ट्राच्या बाजूची त्यातली सगळ्यात लांब साडेसातशे मीटरची आहे. कॅमेऱ्यांत वाघ खालून जाताना दिसलेत. वरून ट्रक, खालून वाघ. पण ते आपोआप झालं नाही, वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या तेव्हा झालं. त्या काळात त्या लोकांनाही कुणीतरी झोळीवालेच म्हणालं असेल. वाघाला निदान फोटो तरी असतो. ओढ्याला कोण विचारतो?

आणि जिथे सुनावणी टाळता येते तिथे टाळतातच. असलेला राष्ट्रीय महामार्ग रुंद करायचा असेल, लांबी 100 किलोमीटरच्या आत असेल, तर या मंजुरीतून सूट मिळते. उत्तराखंडचा चारधाम रस्ता सगळा मिळून 900 किलोमीटरच्या आसपास. त्याचे केले 53 तुकडे. डोंगराला मात्र तुकडे कळत नाहीत, तो अखंडच खाली येतो.

त्या उसन्या खड्ड्याचंही तसंच. मार्च 2020 मध्ये, देश टाळेबंदीत असताना, रस्त्यासारख्या लांबट प्रकल्पांसाठी साधी माती उचलायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली गेली. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मधल्या चार वर्षांत किती टेकड्या उसन्या गेल्या? सकाळी हसलो त्या शब्दावर. आत्याच्या गावची गायरानाची टेकडी बारा वर्षांपूर्वी अशीच गेली, तिथे आता पाण्याने भरलेला खड्डा आहे आणि पोरं त्यात पोहतात. दर उन्हाळ्यात तिथल्या आयांचा जीव टांगणीला.

लिहिता लिहिता बराच चढलो वाटतं. मित्रावर एवढं तापायचं कारण नव्हतं. त्याच्या शेतातून रेघ गेलेली नाही, एवढंच. माझ्याही गेलेली नाही, खरं तर. आत्याच्या गेली.

संध्याकाळी तिला फोन केला. आता ऐकायला कमी येतं, ओरडून बोलावं लागतं. म्हटलं, आत्या, नवी रेघ आलीये, वरच्या अंगाला, परत सुनावणी आहे. ती म्हणाली, "बघायला कधी आलते?"

"फेब्रुवारीत."

इतकी हसली की खोकला लागला. मग म्हणाली, "त्यांना म्हणावं सुनावणी श्रावणात ठेवा, आमच्या रानातच मांडव घाला. खुर्च्या तरंगतील."

तर मी जाणार आहे. या वेळी लेखी देणार, पोच घेणार, आणि इतिवृत्त शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईपर्यंत हलणार नाही, गाडी गेली तर जाऊ दे. त्या भागातल्या कुणाकडे जुलै-ऑगस्टमधले ओढ्यांचे फोटो असतील तर तारखेसकट पाठवा, निवेदनाला जोडतो. पुराचे, मोरीवरून पाणी गेल्याचे, काहीही चालतील. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे हरकती सुनावणीच्या आधीही लेखी देता येतात, ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी तेवढं तरी करा.

आत्यालाही फोटोंचं विचारलं. म्हणाली, फोटो नाहीत. पण भराव झाल्यापासून दर पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं त्याची खूण बांधावरच्या बाभळीवर विळ्याने करून ठेवलीये. मला ठाऊकच नव्हतं. अकरा चरे आहेत म्हणाली, सगळ्यात वरचा तिच्या खांद्याला लागतो.

"झाड तोडून न्यायचं का साहेबाला दाखवायला?" तिने विचारलं.

नको म्हटलं. साहेबालाच झाडापाशी आणता येतंय का बघतो.