वावरात घर बांधायचं, तर चाकं कशाला?

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लोखंडी सांगाडा उभारा, पत्रे ठोका, घर तयार. एनए नको, परवानगी नको, पाया नको. काळ्या जमिनीत तडे जायची भीती नाही. पाहिजे तेव्हा जोडा आणि न्या.’ लाख-दोन लाख जमवून बसलेला माणूस याच्यावर विसंबला तर पैसे मातीत जातील, म्हणून हे लिहितोय.

मेसेजचा सगळा जोर एनएवर, म्हणजे जमीन बिगरशेती करून घेण्यावर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतीसाठीच्या इमारतीची व्याख्या दिली आहे. अवजारं, खत, चारा, माल ठेवायची जागा, गोठा, शेतकऱ्याच्या कुटुंबाचं आणि सालदाराचं राहणं, हे सारं तिच्यात येतं. म्हणजे स्वतःच्या वावरात राहण्यापुरतं घर बांधायला मुळात एनएची गरज नाही. शहरांलगत परवानगीच्या आणि क्षेत्राच्या अटी आहेत, त्या तलाठ्याला विचारून घ्या. उलट खोली पर्यटकांना भाड्यानं द्यायची असेल, तर जमिनीचा वापरच बदलतो. खाली चाकं आहेत म्हणून तो शेतीचा राहत नाही.

ही युक्ती अमेरिकेतून आलेली. तिथं बऱ्याच ठिकाणी घर किमान किती मोठं असावं याचे नियम होते, त्यांतून सुटायला लोकांनी घरं ट्रेलरवर चढवली. ती अडचण आपल्या वावरात नाहीच.

तडे जातात हे मात्र खरं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण चाकांनी ते सुटत नाही. अख्ख्या घराचा भार चार टायरांखालच्या वीतभर जागांवर येतो. जुलैत एक बाजू चार बोटं खचली की चौकट तिरपी होते, दार अडकतं, सांगाड्याचे वेल्ड ताणले जातात. काळी माती उकरून, मुरूम भरून, थराथरानं दाबून त्यावर जोता घ्यायचा, हे आपले गवंडी जाणतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तर अशाच जमिनीसाठी बुडाशी फुगीर असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, विकसित केले आहेत.

आणि वारा? त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ११८ किलो. वीस फूट लांब, नऊ फूट उंच भिंतीवर तो जवळपास दोन टन होतो, आणि ट्रॉलीची उंची धरून जमिनीपासून साडेसात फुटांवर ढकलतो. उलटवणारा जोर: दोन गुणिले साडेसात, पंधरा. त्याला अडवणारा जोर: घर साडेतीन टनांचं, चाकं मध्यापासून तीन फुटांवर, म्हणजे साडेदहा. न बांधलेलं घर उलटणारच. आत लेकरं झोपलेली असतात, एवढं लक्षात ठेवा.

‘पाहिजे तेव्हा न्या’ म्हणणाऱ्यानं ऑगस्टमधली पांदण पाहिलेली नसावी. तिथं रिकामा ट्रॅक्टर रुततो. डांबरी रस्त्यावर आणायचं तर ट्रॉलीची नोंदणी लागते आणि रुंदी २.६ मीटरच्या आत ठेवावी लागते. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याला आतून जाड थर दिल्याशिवाय दुपारी बसवत नाही, आणि तो थर त्याच आठ फुटांतली जागा खातो.

घरकुलाच्या यादीत नाव असेल, तर हा नाद अजिबात नको. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, किमान २५ चौरस मीटरचं घर लागतं आणि जोत्याचा फोटो चढल्यावर हप्ता पुढे सरकतो. चाकांवरच्या घराला जोता कुठून आणणार?

एका कामासाठी मात्र चाकांवरची खोली मला मनापासून पटते: जागलीसाठी. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) हाकलायला मचाणावर रात्र काढण्यापेक्षा, विशेषतः वाघाच्या भागात, चारी बाजूंनी बंद खोली कितीतरी बरी. सहा बाय आठ फुटांची, बुटकी, जाळीच्या खिडक्यांची. तूर काढली की हरभऱ्याच्या वावरात न्यायची, चाकांना अडण लावायची आणि चारही कोपरे खोल ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना तारेनं ताणून बांधायचे.