निकाल कुठाय, शेठ?

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत गावातल्या कुठल्याही बऱ्या दुकानात शिरा, बिलाबरोबर एक कुपन हातात पडणारच. टीव्हीवाल्याकडे, साडीवाल्याकडे, सराफाकडे, हल्ली तर चष्म्याच्या दुकानातसुद्धा. पहिलं बक्षीस कार, दुसरं स्कूटर, तिसरं फ्रिज, उत्तेजनार्थ १०१ मिक्सर. दुकानासमोर मांडवात रिबिन बांधलेली गाडी उभी, पोरंटोरं तिच्याशेजारी सेल्फी काढतायत. आपण एक कुर्ता घ्यायला गेलेलो असतो, पण काउंटरवरचा पोरगा हळूच सांगतो, "मॅडम, अजून पाचशेची खरेदी केलीत तर दोन कुपनं बसतात." करतो आपण. गरज नसताना पायपुसणी घेतो, पण पाचशे पुरे करतो. मग नाव, पत्ता, मोबाईल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस. (सोडतीला लग्नाचा वाढदिवस कशाला लागतो? विसरभोळ्या नवऱ्यांची वेगळी सोडत आहे का?) अर्धं कुपन पेटीत, अर्धं आपल्या पाकिटात.

आणि मग? मग अळीमिळी गुपचिळी. तुळशीचं लग्न होतं, संक्रांत होते, पाकिटातल्या कुपनाची घडी फाटते, पण गाडी कोणाला लागली हे काही कळत नाही.

मी विचारायला जाते. स्वभावच आहे तो. जानेवारीत अशाच एका दुकानात गेले.

"ड्रॉ झाला का हो?"

"झाला की, कधीच."

"गाडी कोणाला लागली?"

"ते वरून झालं, मॅडम. कंपनीने केलं."

"यादी कुठे लावली होती?"

तो छताकडे बघत म्हणाला, "व्हॉट्सॲपला टाकली होती बहुतेक."

बहुतेक! कोणाच्या व्हॉट्सॲपला? माझा नंबर आहे तुमच्याकडे. त्यावर दर शनिवारी ‘फक्त आजच’ची सूट येते, लग्नाच्या वाढदिवसाला केकचं चित्र येतं. यादी तेवढी येत नाही.

आता कोणी म्हणेल, फुकटच्या कुपनासाठी एवढा त्रागा कशाला? पहिलं म्हणजे ते फुकट नाही, गाडीचे पैसे आपल्याच बिलांतून निघतात. आणि दुसरं, निकाल सांगणं ही दुकानदाराची मेहेरबानी नाही, कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यातल्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणजे काय काय, ते दिलंय. बक्षीस द्यायचा इरादाच नसताना ते जाहीर करणं, हे त्यात आहे. किमतीत पैसे वसूल करून वस्तू ‘मोफत’ म्हणून मिरवणं, हेही आहे. आणि योजना संपल्यावर अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं, हेसुद्धा स्वच्छ लिहिलंय. ज्या वर्तमानपत्रात योजनेची जाहिरात दिली, त्याच वर्तमानपत्रात ठळकपणे, वाजवी वेळेत निकाल छापला तर तो कळवला असं धरलं जाईल. बस, एवढंच मागतोय कायदा. जाहिरातीला पहिलं पान परवडतं, निकालाला आतल्या पानावर चार ओळी परवडत नाहीत?

त्यात ‘वाजवी वेळेत’ म्हणजे किती, हे मात्र कुणी दिवसांत लिहिलेलं नाही. पंधरा दिवस? सहा महिने? पुढचा दसरा? ही फट ठेवली की संपलंच.

आणि सोडत पारदर्शक करता येत नाही असं कोण म्हणतं? म्हाडाची सोडत बघा. म्हाडाला शिव्या द्यायला मला शंभर कारणं आहेत, पण सोडत झाली की विजेत्यांची यादी अर्ज क्रमांकासकट संकेतस्थळावर लागते, प्रतीक्षायादीसुद्धा लागते. १९६९ पासून चालत आलेली आपली राज्य लॉटरी, तिचेही निकाल जाहीर होतात, नंबर ताडून बघता येतो. आपल्या वर्तमानपत्रांच्या बक्षीस योजना आठवा. रोज कुपन कापा, डिंकाने तक्त्यावर चिकटवा, झेरॉक्स ग्राह्य धरली जाणार नाही, वगैरे. पण त्यांच्या विजेत्यांचे फोटो तरी छापून येतात. मग एका पेठेतल्या दुकानाला तीन नावं आणि १०१ मिक्सर सांगायला काय धाड भरते?

अटींची तऱ्हा तर विचारू नका. जाहिरात मराठीत, अक्षरं हाताएवढी: ‘जिंका कार!’ वर एक चांदणी. त्या चांदणीचा माग काढत खाली गेलं की मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजीत अटी. चित्र केवळ संदर्भासाठी. व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम. कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही. कारची नोंदणी, विमा, कर विजेत्याने भरायचे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलंय की दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा, अक्षरंही दाव्याच्या अक्षरांसारखीच हवीत. मराठीत दावा आणि इंग्रजीत हात वर, हे चालणारच नाही. पण बघतंय कोण?

मॉलमधली पेटी ही याच्याही पुढची पायरी. सरकत्या जिन्याशेजारी गाडी, समोर टाय लावलेली दोन मुलं. "सर, फक्त नाव आणि नंबर." आठवड्याने फोन येतो, "अभिनंदन! तुमचं कुपन निवडलं गेलंय, तीन दिवस दोन रात्री मोफत." कुठे? ते प्रत्यक्ष सांगतील. अट एकच, नवराबायको दोघांनी यायचं आणि क्रेडिट कार्ड सोबत आणायचं. हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये दोन तास डोकं खातात, मोठ्याने गाणी लावतात, मध्येच टाळ्या वाजतात की अमुक जोडप्याने मेंबरशिप घेतली म्हणून. शेवटी हातात व्हाउचर, त्यावर ‘उपलब्धतेनुसार’. हे बक्षीस नाहीच, हे गिऱ्हाईक धरायचं जाळं आहे. आणि गाडी? ती अजून तिथेच उभी, पुढच्या महिन्यात दुसऱ्या मॉलमध्ये.

कराचा मुद्दा वेगळाच संताप आणतो. लॉटरी किंवा सोडतीतल्या बक्षिसावर तीस टक्के कर, वर उपकर, तुमचं उत्पन्न कितीही कमी असो; बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की देणाऱ्यानेच तो आधी कापायचा. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, तर कर भरला गेल्याशिवाय ती वस्तू विजेत्याच्या ताब्यात द्यायचीच नाही, असा नियम. म्हणजे आठ लाखांची गाडी लागली तर अडीच लाखांच्या आसपास आधी कोणीतरी भरायचे. कंपनी भरणार की विजेता, हे त्या मुंगीच्या पावलांत लिहिलेलं असतं. नियम ठीक आहे, पण याचाच फायदा ठक घेतात. ‘तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली, आधी टॅक्स भरा’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप लोकांना खरा का वाटतो? कारण खऱ्या सोडतीतही आधी टॅक्स भरावाच लागतो! फरक एवढाच की खरा कर चलनाने सरकारच्या खात्यात जातो, कुण्या इसमाच्या यूपीआयवर नाही. हे दुकानदाराने कुपनाच्या मागे दोन ओळींत छापायला नको?

बरं, दुकानदाराचीही कीव येते कधीकधी. प्रामाणिकपणे सोडत काढायची म्हटलं तर त्याने वाचायचं काय? ‘बक्षीस योजना कायदा’ असं एक पुस्तक नाहीच. ग्राहक कायदा म्हणतो, विक्री वाढवण्यासाठी स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा वा कौशल्याचा खेळ घेणं हीच अनुचित प्रथा, सरकार ठरवून देईल तेवढे सोडून. मग चौकाचौकात चाललंय ते काय आहे? इंग्रजांच्या दंडविधानात कलम २९४-अ होतं, विनापरवाना लॉटरीची जाहिरात छापली तर हजारापर्यंत दंड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २९७ झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. पाच हजार! गाडीवरच्या फुलांच्या माळांना तेवढे जात असतील. शिवाय प्राइझ चिट्सवर (म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करून सोडतीने बक्षीस द्यायच्या योजनांवर) बंदी घालणारा १९७८ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद. बक्षिसाच्या शब्दकोड्यांसाठी १९५५ चा कायदा आहे, तेव्हाच्या मुंबई राज्यालाही लागू केलेला, त्यात महिन्याची एकूण बक्षिसं हजार रुपयांच्या वर न्यायची नाहीत. तिकडे तामिळनाडूत १९७९ पासून बक्षीस योजनांवर बंदीच, म्हणून पाकिटांवर ‘तामिळनाडूत लागू नाही’ असं छापलेलं दिसतं. यातून सुटायला कंपन्यांनी डोकं चालवलंच: ‘मला हा चहा आवडतो कारण...’ दहा शब्दांत पुरं करा, झालं कौशल्य! भारताची राजधानी कोणती, तीन पर्याय, झालं ज्ञान! वेड पांघरून पेडगावला जायचं ते असं.

तक्रार करायची तर तीही बघा. २००७ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या वेळी प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ ही स्पर्धा होती, उत्तराच्या एसएमएसला २ रुपये ४० पैसे. बक्षीस या एसएमएसच्या पैशातूनच निघतं, ही मुख्य तक्रार. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये एक कोटीची दंडात्मक भरपाई ठोठावली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण बक्षिसाची रक्कम त्या पैशातूनच आली याचा पुरावा समोर नव्हता. न्यायालयाचं चूक म्हणत नाही मी. पण हिशेबाच्या वह्या कंपनीच्या कपाटात आणि पुरावा आणायचा आपण! आयोगात एकटं गेलं की पहिला प्रश्न, तुमचं नुकसान किती झालं? काय सांगणार, पाचशेची पायपुसणी?

म्हणून एकट्याने आयोगात खेटे घालण्यापेक्षा ग्राहक कायद्याचं कलम १६ वापरा म्हणते मी. अनेक ग्राहकांना मिळून फसवणाऱ्या प्रथेची चौकशी करायचा अधिकार त्यात जिल्हाधिकाऱ्यांना दिलाय, अहवाल ते केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे पाठवू शकतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला हे प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. हा आकडा ऐकला की शेठ जरा सरळ बसतील. कुपनाचा आपल्याकडचा अर्धा तुकडा, जाहिरातीचा फोटो, बिल, एवढं अर्जाला जोडा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोनही करून ठेवा.

आणि शेठ, सोपं आहे हो. ज्या चौकात चाळीस फुटांचं ‘जिंका कार’ लावलं होतं, त्याच बांबूंवर विजेत्यांच्या यादीचं फ्लेक्स लावा. कुपन क्रमांकासकट. मिक्सरवाले १०१ सुद्धा.